वितळलेल्या बर्फाच्या खुणा

मासळी बाजारात भल्या पहाटे बर्फाच्या लाद्या येतात. लाकडाच्या भुशात घोळवलेल्या, गोणपाटाखाली झाकलेल्या त्या लाद्या हमाल आकड्याने ओढून फरशीवर उतरवतात. कोणी त्या फोडतो, कोणी मासळीवर पसरतो, आणि एखादी लादी कोपऱ्यात तशीच उरून राहते. दुपारी बाजार ओसरल्यावर त्या कोपऱ्यात जाऊन पाहावे. लादी नाहीशी झालेली असते. परंतु ती जेथे होती त्या जागेच्या कडेकडेने भुशाचा एक ओबडधोबड वरंबा राहिलेला असतो. त्यात जाड ढलप्या, बारीक भुसा, एखादा खडा, गोणपाटाचा धागा, सारे एकत्र कालवलेले असते. वितळलेल्या पाण्याचा ओघळ जेथून गटाराकडे गेला, तेथे मात्र निराळा प्रकार दिसतो. ढलप्या जवळच अडकलेल्या, त्यापुढे जाड भुसा, आणि अगदी पिठासारखी पूड दूर गटाराच्या तोंडाशी. बर्फाने जे टाकले ते मिसळीचे, पाण्याने जे नेले ते निवडलेले. लादी आपण पाहिली नसती, तरी ती कोठे होती, केवढी होती आणि तिचे पाणी कोणत्या अंगाने गेले, हे त्या भुशावरून सांगता आले असते.

विद्यार्थिमित्रहो, प्रस्तुत लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते बरेचसे या कोपऱ्यात आहे. लादीच्या जागी वीस-तीस किलोमीटर लांबीची हिमनदी कल्पावी, भुशाच्या जागी डोंगराचे तुकडे कल्पावेत आणि एका दुपारच्या जागी हजारो वर्षे धरावीत. आम्ही कलाशाखेचे. विज्ञानाच्या शिक्षकांच्या अंगणात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. पण नसलेल्या वस्तूच्या खुणांवरून ती वस्तू ओळखणे हे इतिहासाचेही काम आहे, म्हणून हे धाडस करीत आहोत.

प्रथम वितळणे म्हणजे काय ते पाहू. एका पेल्यात ठेचलेला बर्फ घेऊन त्यात उष्णतामापी ठेवा व सारखे ढवळत राहा. पारा ० अंशावर येऊन थांबेल, आणि बर्फाचा शेवटचा कण असेपर्यंत तेथेच राहील. बाहेरची उष्णता पेल्यात शिरतच असते, तरी पाणी तापत नाही. कारण ती सारी उष्णता बर्फाची घडी मोडण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फाचे ० अंशाचे पाणी करावयास ८० उष्मांक लागतात. तेवढ्याच उष्णतेत त्या एक ग्रॅम पाण्याचे तापमान ० पासून ८० अंशांपर्यंत चढले असते. या सुप्त उष्णतेमुळे बर्फ सावकाश वितळतो. मासळीवाल्या बायका त्यावर भुसा का टाकतात, हेही येथे सांगण्यासारखे आहे. भुशाच्या थरातून उष्णता सहज आत जात नाही. हिमनदीवरही असेच घडते. दगडमातीचा थर जाड असला तर खालचा बर्फ राखला जातो. उलट तो अगदी पातळ असला तर काळी माती ऊन शोषून घेते आणि बर्फ अधिकच लवकर वितळतो. एखादा मोठा सपाट दगड हिमनदीवर पडून राहिला, की भोवतालचा बर्फ वितळून खाली जातो व दगडाच्या सावलीतला तेवढा राहतो. मग तो दगड बर्फाच्या खांबावर ठेवलेल्या मेजासारखा दिसू लागतो.

आपल्या भाषेत आकाशातून पडणाऱ्या गोठलेल्या पाण्याच्या गोळ्याला 'गार' म्हणतात आणि चकमकीच्या कठीण दगडालाही 'गार'च म्हणतात. शब्द करणाऱ्याने काही विचार केला होता की नाही, कोण जाणे; पण भूवैज्ञानिकही बर्फाला एक प्रकारचा खडकच समजतात, फक्त थोड्या उष्णतेने वितळणारा. उंच पर्वतावर दर हिवाळ्यात पडलेले हिम उन्हाळ्यात पुरते वितळले नाही, तर थरावर थर साचतात. वरच्या भाराने खालच्या हिमातील हवा निघून जाते, कण एकमेकांत बसतात आणि शेवटी घट्ट निळसर बर्फ तयार होतो. या बर्फाची जाडी काही दशके मीटर झाली की तो स्वतःच्याच वजनाने उतारावरून सरकू व वाहू लागतो. त्यालाच हिमनदी म्हणावयाचे. तिचा वेग डोळ्यांना दिसत नाही. हुगी नावाच्या एका स्विस अभ्यासकाने १८२७ मध्ये उंटरआर हिमनदीवर एक खोपटे बांधले होते. पुढे काही वर्षांनी ते शोधले, तेव्हा ते मूळ जागेपासून एक किलोमीटरहूनही अधिक खाली गेलेले आढळले. खोपटे चालले नव्हते, जमीन चालली होती.

आता या चालत्या बर्फाच्या तळाशी काय होते ते ध्यानात घेतले पाहिजे. बर्फावर दाब वाढला की त्याचा वितळणबिंदू किंचित खाली येतो. एक किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली तो अर्ध्या अंशाहून थोडा अधिक उतरलेला असतो. हा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटेल, परंतु पुष्कळसे काम त्यानेच होते. हिमनदीच्या वाटेत खडकाचा उंचवटा आला की ज्या अंगाने बर्फ येऊन दाबतो त्या अंगाला तो थोडासा वितळतो. ते पाणी उंचवट्याच्या पलीकडे, जेथे दाब कमी आहे तेथे जाते व खडकाच्या भेगांत पुन्हा गोठते. गोठताना त्या खडकाला धरून ठेवते आणि पुढे सरकताना त्याचे तुकडे उपटून नेते. म्हणून अशा उंचवट्याचा एक उतार गुळगुळीत घासलेला आणि दुसरा तुटका, पायऱ्यापायऱ्यांचा असतो. त्याला मेषशिला म्हणतात. मेषशिलेकडे पाहून बर्फ कोणत्या दिशेने गेला हे सांगता येते. गुळगुळीत बाजू ही येण्याची बाजू.

नुसता बर्फ खडकाला ओरखडा काढू शकत नाही, तो तितका कठीण नाही. पण त्याच्या तळाशी गोठून बसलेले दगड काढतात. सुताराच्या रंध्यात जसे पाते, तसे हे दगड. एकाच दिशेने सरळ, समांतर गेलेल्या त्या रेषा एकदा पाहिल्या की विसरावयाच्या नाहीत. नदीचे पाणी दगड गोटी करते. त्याला सर्व बाजूंनी घासून वाटोळा करते. बर्फात घट्ट पकडलेल्या दगडाला लोळावयास मुभा नसते. तो एका बाजूनेच घासला जातो, पुढे कधी वळला तर दुसऱ्या बाजूने. त्यामुळे त्याच्या अंगावर सपाट पैलू पडतात आणि त्या पैलूंवर ओरखडे असतात. नदीच्या पात्रात असा दगड तयार होत नाही.

या खुणांचा अर्थ प्रथम ज्यांनी लावला, त्यांच्यापैकी एक मनुष्य विद्यापीठाचा उंबरठाही न चढलेला होता. स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेल गावाच्या वर जुरा पर्वताच्या उतारावर 'प्येर आ बो' नावाची घराएवढी शिळा आहे. जुरा पर्वत चुनखडीचा, शिळा ग्रॅनाइटची. तसा ग्रॅनाइट आल्प्सच्या माँ ब्लाँ भागात आहे, शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आणि मध्ये सगळा सखल मुलूख व सरोवरे. अशा परक्या शिळा युरोपभर विखुरलेल्या होत्या. त्या जलप्रलयाने वाहून आणल्या, हे त्या काळच्या पंडितांचे उत्तर. परंतु बान्य खोऱ्यातील झाँ-पिएर पेरोदँ नावाच्या शिकाऱ्याचे त्याने समाधान होईना. डोंगरात हिंडताना त्याने हिमनदीच्या कडेला अशाच शिळा रोज पाहिल्या होत्या आणि हिमनदीच्या अंगाखालून निघालेल्या खडकावरचे ओरखडेही पाहिले होते. तेच ओरखडे व त्याच शिळा त्याला खोऱ्यात कितीतरी खाली, जेथे बर्फाचे नाव नाही तेथेही दिसत. एवढ्या मोठ्या शिळा पाण्याने हलणार नाहीत, एकेकाळी हे सारे खोरे हिमनदीने भरलेले असले पाहिजे, असे त्याचे मत झाले. १८१५ मध्ये मिठाच्या खाणीचे संचालक झाँ द शार्पांत्ये हे त्याच्या झोपडीत एका रात्रीपुरते उतरले असता त्याने हे त्यांना सांगितले. शार्पांत्ये यांना ती कल्पना इतकी अचाट वाटली की त्यांनी तिचा विचारसुद्धा केला नाही. हे त्यांनी पुढे स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे, आणि त्यासाठी आम्हांस त्यांच्याविषयी आदर वाटतो.

तीन वर्षांनी त्याच खोऱ्यात अनर्थ घडला. ज्येत्रो हिमनदीवरून कोसळलेल्या बर्फाने खालची नदी अडली आणि त्यामागे मोठे सरोवर साचले. इग्नाझ व्हेनेट्झ नावाच्या अभियंत्याने बर्फातून बोगदा खोदून ते हळूहळू रिकामे करण्याचा उपाय केला; बरेच पाणी निघूनही गेले; परंतु १६ जून १८१८ रोजी उरलेला बांध फुटला आणि लोंढ्याने खोऱ्यातील गावे धुऊन नेली. पुढे व्हेनेट्झ यांनी पेरोदँचे म्हणणे मनावर घेतले, १८२९ मध्ये ते विद्वानांच्या सभेपुढे मांडले, आणि आता शार्पांत्येही पटले. १८३६ च्या उन्हाळ्यात लुई आगासीझ हे माशांच्या जीवाश्मांचे विख्यात अभ्यासक शार्पांत्ये यांच्याकडे आले ते त्यांचा भ्रम दूर करावयाचा असे ठरवून. गेले ते स्वतःच त्या मताचे होऊन. दुसऱ्या वर्षी, १८३७ मध्ये, न्यूशातेल येथे स्विस निसर्गशास्त्र मंडळापुढे ते माशांवर बोलतील अशी सर्वांची अपेक्षा होती. ते बोलले हिमयुगावर. सभेत मोठा क्षोभ झाला. हुंबोल्ट यांच्यासारख्या थोर माणसानेही त्यांना पुन्हा माशांकडे वळण्याचा सल्ला दिला. १८४० मध्ये मात्र त्यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वाद हळूहळू मिटत गेला. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आगासीझ यांचे नाव येते, क्वचित शार्पांत्ये यांचे; त्या शिकाऱ्याचे बहुधा येत नाही.

आगासीझ ज्या उंटरआर हिमनदीवर पुढे उन्हाळे काढीत, तिच्यावर हिमोढ कसा होतो हे स्पष्ट दिसते. हिमनदीच्या दोन्ही काठांवर डोंगरावरून दगडमाती पडत असते. तिची काठाकाठाने जी रांग होते तो पार्श्वहिमोढ. दोन हिमनद्या एकत्र आल्या की त्यांचे आतल्या अंगाचे दोन काठ जुळतात आणि एकत्र झालेल्या प्रवाहाच्या मधोमध दगडांची एक काळी रेघ खाली जाऊ लागते, तो मध्यहिमोढ. आगासीझ यांनी याच रेघेवरील एका प्रचंड शिळेच्या आडोशाला आपला मुक्काम केला होता. आणि जेथे बर्फ येतो तितकाच वितळतो, तेथे, हिमनदीच्या मुखाशी, आणलेला सगळा माल अर्धवर्तुळाकार ढिगात पडतो, तो अंत्यहिमोढ. बाजारातील भुशाच्या वरंब्याचा हा थोरला भाऊ. हिमनदी मागे हटली तरी हा वरंबा जागचा हलत नाही. हटता हटता ती काही वर्षे थबकली असेल, तर तेथे दुसरा वरंबा. आपल्याकडे गंगोत्री हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. तिचे मुख म्हणजे गोमुख. तेथील मोजणी १९३५ पासून होत आली आहे आणि मुख वर्षाला सरासरी सुमारे वीस मीटर मागे सरकले आहे. यात्रेकरू आज ज्या दगडगोट्यांच्या वाटेने गोमुखाकडे जातात, तिच्या शेवटच्या टप्प्यावर त्यांच्या आजोबांच्या काळी बर्फ होता.

हिमोढाविषयी एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे आम्हांस अवश्य वाटते. तो दिसतो धरणाच्या भिंतीसारखा, आणि मागे हटलेल्या हिमनदीचे पाणी त्याच्या मागे साचून सरोवरही होते. परंतु धरण बांधताना माती दाबून बसवतात, पाण्याला जाण्यासाठी सांडवा ठेवतात. हिमोढ कोणी बांधलेला नसतो. त्यात घराएवढ्या शिळेच्या शेजारी चिखल, चिखलाशेजारी वाळू, आणि पुष्कळदा पोटात अजून न वितळलेला बर्फही असतो. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर असेच होते. वरची हिमनदी मागे हटत गेली तसतसे ते दर दशकाला मोठे होत गेले. धोका कळला नव्हता असे नाही. २०१६ मध्ये नळ टाकून त्याचे पाणी कमी करण्याचा प्रयत्नही झाला होता. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सरोवराच्या बाजूचा, गोठलेल्या मातीने धरून ठेवलेला पार्श्वहिमोढ कोसळून पाण्यात पडला. नंतरच्या अभ्यासाप्रमाणे कोसळलेली दगडमाती सुमारे दीड कोटी घनमीटर होती. तिने उसळलेली लाट सुमारे वीस मीटर उंच होती. तिने पुढचा अंत्यहिमोढ फोडला आणि तिस्ता नदीच्या खोऱ्यात पूर उतरला. चुंगथांगचे विजेचे धरण वाहून गेले. पन्नासहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि कित्येकांचा पत्ता लागला नाही. व्हेनेट्झ यांच्यापुढे बर्फाचा बांध होता, येथे बर्फाने ठेवलेल्या मातीचा. हिमालयात अशी सरोवरे अनेक आहेत, आणि आज त्यांची यादी करणारे लोक पेरोदँसारखेच प्रथम वरंबे पाहतात व त्यांच्या पोटात बर्फ आहे की नाही ते तपासतात.

पर्वतातल्या हिमनद्या सोडून आपण उत्तर युरोपात व उत्तर अमेरिकेत गेलो, तर तेथे वीस हजार वर्षांपूर्वी बर्फ खोऱ्यात मावत नव्हता. सबंध देश त्याने झाकले होते. त्याच्या वितळण्याने राहिलेली भूरूपे पाठ्यपुस्तकात नावांसह दिलेली आहेत. ती सर्व येथे सांगत बसत नाही. दोनच घेऊ. बर्फाच्या पोटातून, बोगद्यासारख्या वाटेने, वितळलेल्या पाण्याची नदी वाहत असते. ती आपल्या पात्रात वाळू व गोटे टाकते. पुढे भोवतालचा बर्फ वितळतो, बोगद्याच्या भिंतीच नाहीशा होतात आणि नदीचे पात्र खोलगट राहण्याऐवजी उंच बांधासारखे मैदानावर उभे राहते. हा हिमोढकटक, ज्याला तिकडे एस्कर म्हणतात. फिनलंडमध्ये पुंकाहार्यू येथे असा सुमारे सात किलोमीटर लांबीचा अरुंद बांध सरोवराच्या दोन भागांमधून गेला आहे, आणि त्याच्या माथ्यावरून रस्ता आहे. नदी गेली, तिचा साचा राहिला. दुसरे रूप याच्या नेमके उलट आहे. मागे हटणाऱ्या बर्फाचा एखादा मोठा तुकडा सुटून राहतो आणि वाळूखाली गाडला जातो. तो कालांतराने वितळला की वरची वाळू खचते व खड्डा पडतो; खड्ड्यात पाणी साचते. थोरो हे अमेरिकन लेखक १८४५ पासून दोन वर्षे ज्या वॉल्डन तळ्याच्या काठी राहिले, ते तळे अशाच एका विसरलेल्या बर्फाच्या तुकड्याने केलेले आहे.

स्वीडनमध्ये जेरार्ड द येर यांनी तर या वितळण्याचे पंचांगच वाचले. बर्फाच्या कडेशी असलेल्या सरोवरात उन्हाळ्यात पाणी जोराने येई, तेव्हा तळाशी जाडसर, फिकट गाळ बसे. हिवाळ्यात पृष्ठभाग गोठे, पाणी निवे आणि उरलेला अति बारीक, काळसर गाळ त्यावर बसे. फिकट व काळसर अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. ठिकठिकाणच्या मातीच्या खाणींतून अशा जोड्या मोजत, एका जागेचे थर दुसऱ्या जागेच्या थरांशी जुळवत, द येर व त्यांचे विद्यार्थी गावोगाव गेले, आणि बर्फाची कडा कोणत्या वर्षी कोठे होती हे त्यांनी ठरवले. १९१० मध्ये स्टॉकहोम येथे भूवैज्ञानिकांच्या परिषदेत त्यांनी हा बारा हजार वर्षांचा हिशेब मांडला. आणखी एक नवल तेथे आजही चालू आहे. बर्फाच्या भाराने दबलेली जमीन भार गेल्यावर हळूहळू वर येत आहे. बोथनियाच्या आखाताच्या काठी ती दरवर्षी जवळजवळ एक सेंटीमीटर उचलली जाते. बर्फ वितळून इतकी सहस्रके लोटली, तरी जमिनीने अजून पाठ सरळ केलेली नाही.

गोव्याला या वितळण्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पेल्यातील पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तर पाण्याची पातळी वाढत नाही, हे आपण जाणतो. परंतु पेल्याच्या काठावर ठेवलेला बर्फ वितळून आत पडला तर ती वाढते. जमिनीवरचे हे बर्फ वितळले आणि समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर चढली. त्यापूर्वी आपला किनारा आजच्या किनाऱ्याच्या पश्चिमेस कित्येक किलोमीटर दूर होता, आणि मांडवी व जुवारी तेथवर वाहत जात. समुद्र चढला तसा तो त्यांच्या खोऱ्यांत शिरला. आज या नद्यांची मुखे एवढी रुंद दिसतात आणि भरतीचे खारे पाणी एवढे आतपर्यंत जाते, त्याचे कारण ती बुडालेली खोरी आहेत. कोकणात हिमनदी कधी आली नाही, तिचे पाणी मात्र आले.

परंतु मराठी मुलखात हिमबर्फ खरोखर आला होता, आणि त्याचा पुरावा येथून बराच दूर, विदर्भात आहे. १८५६ मध्ये विल्यम व हेन्री ब्लॅनफर्ड हे पंचविशीही न ओलांडलेले दोघे भाऊ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याकडून ओडिशात तालचेर येथील कोळशाच्या खाणींच्या प्रदेशाची पाहणी करीत होते. कोळशाच्या कितीतरी खाली त्यांना एक चमत्कारिक थर आढळला. बारीक चिकणमातीत मोठमोठे धोंडे रुतलेले, लहानमोठ्यांची काही निवड नाही. ज्या पाण्यात माती सावकाश बसली त्या पाण्यात धोंडा येणार कसा, आणि ज्या पाण्याने धोंडा आणला त्यात माती ठरणार कशी? हे बर्फाने आणले असावे, असे त्यांनी सुचवले. ओडिशाच्या उन्हात हे म्हणावयास धैर्य हवे. पुष्कळांनी मान हलवली असेल. पण पुढे चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या पात्रात, इरई गावाशी, त्याच तालचेर थराखालची चुनखडीची फरशी उघडी पडलेली आढळली. ती गुळगुळीत घासलेली होती आणि तिच्यावर लांब, समांतर ओरखडे होते. फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये याचे वर्णन खात्याच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. (चंद्रपूरला इरई नावाची नदीही आहे; नकाशात पाहताना घोटाळा करू नये, आपले इरई हे गाव.) त्या धोंड्यांच्या अंगावरही पैलू आहेत आणि पैलूंवर रेषा आहेत. जो ओरखडा पेरोदँने आपल्या खोऱ्यात पाहिला, तोच हा. फक्त तो हजारो वर्षांचा आणि हा सुमारे तीस कोटी वर्षांचा.

तो बर्फ वितळला तेव्हा खोलगट, पाणथळ जमीन राहिली. तिच्यावर पुढे दाट वने माजली, ती गाडली गेली आणि तिचा कोळसा झाला. चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींतून निघून औष्णिक केंद्रात जळणारा कोळसा या हिमोढाच्या वरच्या मजल्यावरचा आहे.

राहिला एक प्रश्न, आणि तो साधा नाही. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, समुद्रसपाटीच्या आसपास, बर्फ आला कोठून? त्याच काळचे तसेच थर दक्षिण आफ्रिकेत आहेत, दक्षिण अमेरिकेत आहेत. ऑस्ट्रेलियात अॅडलेडजवळ हॅलेट कोव्ह येथे अगदी समुद्रकाठी ओरखडलेला खडक राल्फ टेट यांना १८७७ मध्ये सापडला. आणि ओरखड्यांची दिशा पाहावी तर अधिकच गोंधळ; ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर बर्फ समुद्राच्या बाजूने जमिनीवर चढून आल्यासारखा दिसतो. हिमनदी समुद्रातून उगम पावत नाही. आल्फ्रेड व्हेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंडे सरकतात असे प्रतिपादन केले व १९१५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या पुराव्यांत हा बर्फाचा पुरावा फार वजनाचा होता. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका ही सारी तेव्हा एकत्र जोडलेली आणि दक्षिण ध्रुवाभोवती होती. आगासीझ यांच्याप्रमाणे व्हेगेनर यांनाही सभेत टीका सोसावी लागली, आणि त्यांच्या हयातीत त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. ते झाले १९६० नंतर, समुद्रतळाच्या अभ्यासाने.

हे पडताळून पाहण्यास पैनगंगेवर जाण्याची गरज नाही. जुन्या नकाशावर पातळ कागद ठेवून ही पाच भूखंडे गिरवून कापा. प्रत्येकावर, जेथे हिमोढाचे थर आहेत तेथे, पेन्सिलीने छटा द्या. भारतावर तालचेर व चंद्रपूर येथे, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, ब्राझीलच्या दक्षिणेस, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात. मग आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा भिडवा, भारत आफ्रिकेच्या पूर्वेस खाली आणा, अंटार्क्टिका त्या दोघांच्या दक्षिणेस लावा आणि ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकाच्या कुशीत ठेवा. कागदावर विखुरलेल्या छटा जवळजवळ येऊन एकच मोठा डाग होईल.